पाय मातीचे : एका उसन्या शब्दप्रयोगाची झाडाझडती



मागच्या व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं चालू असताना एक गृहस्थ उठले आणि ज्या तत्त्वज्ञाविषयी मी तासभर बोललो होतो त्याच्याबद्दल म्हणाले, "सर, सगळं खरं, पण शेवटी फीट ऑफ क्लेच ना!" सभागृह हसलं. मीही हसलो. वेळ झालीच होती, आपण सगळे चहाला गेलो. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की त्यांनी प्रश्न विचारला नव्हता आणि मी उत्तर दिलं नव्हतं, तरी चर्चा मात्र संपली होती. जो शब्दप्रयोग चर्चा इतक्या बिनबोभाट संपवतो, त्याच्याकडे एकदा नीट बघायला हवं असं वाटलं. आजचा विषय तोच. ते गृहस्थ आजही आलेत, पहिल्या रांगेत बसलेत. त्यांचे आभार मानतो आणि सुरुवात करतो.

इंग्रजीत 'फीट ऑफ क्ले', मराठीत 'मातीचे पाय'. ज्याला आपण मोठं मानलं त्याच्यात एखादा गंभीर, इतके दिवस झाकून राहिलेला दोष निघाला की आपण म्हणतो, याचेही पाय मातीचेच. अग्रलेखात म्हणतो, चरित्रांच्या परीक्षणात म्हणतो, आणि आता तर कोणाच्याही बाबतीत म्हणतो. माझी तक्रार सुरुवातीलाच सांगून टाकतो. हा शब्दप्रयोग दोष दाखवल्यासारखं करतो, आणि दोषाचं नाव घ्यायचं टाळतो.

आधी हे शब्द आले कुठून ते पाहू. बायबलच्या जुन्या करारात दानीएलाचं पुस्तक आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याला एक स्वप्न पडतं. राजा मोठा बेरकी. तो दरबारातल्या जाणत्यांना सांगतो, स्वप्नाचा अर्थ तर सांगाच, पण मला स्वप्न काय पडलं तेही तुम्हीच सांगा. ते कोणाला जमायचं? मग दानीएल नावाचा, बंदी म्हणून आणलेला ज्यू तरुण पुढे होतो आणि सांगतो. राजाने पाहिला तो एक प्रचंड पुतळा. डोकं सोन्याचं, छाती आणि हात चांदीचे, पोट आणि मांड्या काशाच्या, पाय लोखंडाचे, आणि पावलं काही लोखंडाची, काही मातीची. मग कोणाचा हात न लागता एक दगड सुटतो, त्या पावलांवर आदळतो, आणि सगळा पुतळा, सोन्यासकट, उन्हाळ्यातल्या खळ्यावरच्या भुशासारखा वाऱ्याने उडून जातो.

या चित्रात तीन गोष्टी आहेत, आणि आज हा शब्दप्रयोग वापरताना तिन्ही आपण विसरतो.

पहिली गोष्ट, दगड पावलांवर पडतो. का? कारण सगळा भार तिथे आहे. माती एखाद्या कानाच्या पाळीत असती तर पाळी गेली असती, पुतळा राहिला असता. तेव्हा मुद्दा माती कुठेतरी आहे हा नाही, ती भाराखाली आहे हा आहे.

दुसरी गोष्ट, पावलं निव्वळ मातीची नाहीत. लोखंड आणि माती यांची ती मिसळ आहे, आणि ती एकजीव होत नाही, हे दानीएल मुद्दाम सांगतो. म्हणजे दोष पदार्थात जितका आहे तितकाच सांध्यात आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. पुस्तकाचा हा भाग अरामी भाषेत आहे. तिथे जो शब्द आहे त्याचा रोख कुंभाराच्या मातीकडे, भाजलेल्या मडक्याकडे आहे असं अनेक अभ्यासक सांगतात. मग मराठीत त्याला माती म्हणण्यापेक्षा खापर म्हणायला हवं होतं. ओली माती विरघळते, हळूहळू. खापर एका घावात फुटतं. आणि बघा, आपल्याकडे 'खापर फोडणे' हा वाक्प्रचार आहेच, तो दुसऱ्याच्या डोक्यावर दोष टाकण्याचा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त उभारू नका. पण लक्षात ठेवा.

आणखी एक सांगतो. दानीएलाचा पुतळा हा कोणी एक माणूस नाही. तो राज्यांचा क्रम आहे. सोन्याचं डोकं म्हणजे तू, असं तो राजाला सांगतो. तुझ्यानंतर दुसरं राज्य, मग तिसरं, मग चौथं. म्हणजे हा साम्राज्यांच्या रचनेतला दोष होता, कोणाच्या चारित्र्यातला नव्हे. १८१४ साली बायरनने नेपोलियनच्या पाडावावर कविता लिहिली, तिथेही ही प्रतिमा येते ती तलवारीच्या जोरावर सत्ता गाजवणाऱ्यांसाठी. पुढे ती सत्ताधीशांकडून सरकत सरकत लेखकांवर, संतांवर, प्राध्यापकांवर आली. आणि येताना भाराचा मुद्दा वाटेत सांडला. उरलं एवढंच की मोठ्या माणसात कुठेतरी काहीतरी कच्चं आहे. हे तर कोणत्याही माणसाबद्दल म्हणता येतं. जे सगळ्यांबद्दल खरं असतं ते सांगून एकाबद्दल काही कळत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी चाळीस वर्षं शिकवत आलो.

आता मराठीकडे येऊ. दानीएलाचं पुस्तक मराठीत आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या, तोपर्यंत त्या याच कामात होत्या. पण आपल्यापैकी बहुतेकांनी 'मातीचे पाय' तिथून घेतले नाहीत. ते इंग्रजी वाचनातून आले, असं मला वाटतं. शब्द आपण भाषांतरित केले, पुतळा मात्र मागेच ठेवला.

आणि मराठीत माती हा शब्द काही साधा नाही. माती खाल्ली म्हणजे लाजिरवाणं काही केलं. आयुष्याची माती झाली म्हणजे सगळं वाया गेलं. पण मातीतला माणूस म्हणजे खरा माणूस. पाय जमिनीवर असणं हा तर गुणच. आणि आपल्याकडे वर्षातून एकदा शाडूची मूर्ती घरात येते. तिचे पाय मातीचे, हात मातीचे, सोंडही मातीची. हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. आपण तिची प्राणप्रतिष्ठा करतो, दीड दिवसाने किंवा दहा दिवसांनी विसर्जन करतो, आणि कोणालाही फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. ज्या समाजाला देवाची मातीची मूर्ती चालते, त्या समाजात 'पाय मातीचे' हा आरोप आरोपासारखा वाजणार कसा? तो हळूच वळतो आणि म्हणतो, शेवटी माणूसच तो. चालायचंच.

म्हणजे गंमत अशी झाली की मूळ प्रतिमा सांगते, सगळं कोसळणार. मराठी कानाला ऐकू येतं, सांभाळून घ्या. एकच शब्दप्रयोग एका तोंडाने विध्वंस बोलतो आणि दुसऱ्या तोंडाने क्षमा. वापरणाऱ्याला दोन्हींचा फायदा मिळतो. ज्याला मोठ्या माणसाला पाडायचं आहे त्यालाही तो चालतो, ज्याला झाकायचं आहे त्यालाही चालतो. काय तपासायचं ते कोणालाच सांगावं लागत नाही.

कोणी म्हणेल, सर, आपल्याकडे स्वतःची प्रतिमा नाही का? आहे, आणि ती अचूक आहे. महाभारताच्या वनपर्वात घोषयात्रेचा प्रसंग आहे. गंधर्वांनी दुर्योधनाला बांधलं, पांडवांनी सोडवलं. या अपमानाने तो प्रायोपवेशनाला बसतो. तेव्हा दानव त्याला पाताळात नेऊन समजावतात की तू साधा नाहीस. तुझं कमरेवरचं शरीर वज्राचं आहे, शस्त्राने न भेदणारं, आणि कमरेखालचं शरीर देवीने फुलांचं केलं आहे. वर वज्र, खाली फुलं. आणि गंमत म्हणजे हे ते त्याची उमेद वाढवण्यासाठी सांगतात. त्याला ती स्तुती वाटते. पुढे गदायुद्धात भीमाची गदा कुठे पडते ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या मर्मस्थानाचं वर्णन आपण कौतुक म्हणून ऐकत असतो, हे या कथेत आहे आणि नबुखद्नेस्सराच्या स्वप्नात नाही.

पाश्चात्त्यांकडेही एकच प्रतिमा नाही. अकिलीसची टाच आहे, ती दोष नव्हेच. आईने त्याला स्टिक्स नदीत बुडवताना जिथे धरलं तेवढी जागा कोरडी राहिली. ती उणीव आहे, त्याचा अपराध नाही. ही कथा होमरच्या 'इलियड'मध्ये नाही, ती बरीच नंतरची आहे. आणि तिसरी संकल्पना अॅरिस्टॉटलची, हमार्तिया. 'पोएटिक्स'च्या तेराव्या प्रकरणात ती येते. ए. सी. ब्रॅडली यांचं शेक्सपिअरच्या शोकात्मिकांवरचं पुस्तक १९०४ सालचं. त्यानंतर इंग्रजीच्या वर्गांतून 'ट्रॅजिक फ्लॉ' हा शब्द इतका घुमला की हमार्तिया म्हणजे नायकाच्या स्वभावातला दोष असंच आपण पाठ केलं. पण त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी क्रियापद आहे ते नेम हुकण्याचं. बाण सोडला आणि लक्ष्याला लागला नाही. मराठीत आपण म्हणतो, नेम चुकला. आणि माणूसही चुकला. दोन्हीकडे एकच चुकणे. म्हणजे अॅरिस्टॉटलसाठी दोषापेक्षा आपला साधा 'चूक' हा शब्द जवळचा आहे.

आता हे सगळं एकत्र ठेवा. टाच म्हणजे उणीव. हमार्तिया म्हणजे कृतीतली चूक. खापराची पावलं म्हणजे रचनेतला दोष. यात आणखी एक घाला, अपराध, ज्यात दुसऱ्या कोणाचं तरी नुकसान झालेलं असतं. चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. चारींची जबाबदारी निराळी, परिणाम निराळे, उपाय निराळे. आणि आपण चारींना मिळून म्हणतो, मातीचे पाय.

माझ्या विषयातलं एक उदाहरण देतो. गॉटलोब फ्रेगे. आधुनिक तर्कशास्त्राचा पाया १८७९ साली या माणसाने घातला. पुढे त्याने ठरवलं की सगळं अंकगणित निव्वळ तर्काच्या नियमांवर उभं करून दाखवायचं. वीसेक वर्षं खपून दोन खंड लिहिले. दुसरा खंड छापखान्यात असताना, १६ जून १९०२ या तारखेचं बर्ट्रांड रसेलचं पत्र आलं. रसेलने नम्रपणे एकच अडचण विचारली होती. जे संच स्वतःचेच सदस्य नसतात अशा सगळ्या संचांचा एक संच केला, तर तो स्वतःचा सदस्य आहे की नाही? आहे म्हणावं तर नाही ठरतो, नाही म्हणावं तर आहे ठरतो. फ्रेगेच्या पाचव्या मूलनियमातून हा विरोध सरळ निघत होता. हे खरे मातीचे पाय! भार तिथेच होता.

फ्रेगेने काय केलं? सहा दिवसांत उत्तर लिहिलं, आणि १९०३ साली खंड बाहेर आला तेव्हा त्याला परिशिष्ट जोडून आपल्या इमारतीचा पाया हादरला आहे हे स्वतः सांगितलं. कोणता नियम, तडा कुठे, त्यावर काय काय अवलंबून आहे, सगळं. मित्रहो, दोष सांगावा तर असा. आणि पुढचं बघा. तो नियम गेला म्हणून सगळा फ्रेगे गेला का? नाही. १८७९ चं तर्कशास्त्र त्या नियमावर टेकलेलं नव्हतं. ते राहिलं, आजही आपण तेच शिकवतो. पुतळा अखंड असतो, विचार अखंड नसतो. त्यात कशावर काय टेकलं आहे ते एकेक करून बघावं लागतं.

पण याच फ्रेगेची १९२४ सालची एक दैनंदिनी आहे. मृत्यूच्या एक वर्ष आधीची. तीत ज्यूंविषयी, लोकशाहीविषयी अतिशय विखारी मजकूर आहे. मायकल डमेट या इंग्लिश तत्त्वज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षं फ्रेगेच्या अभ्यासात घातली. तो स्वतः वंशद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरलेला माणूस. ही दैनंदिनी वाचून आपल्याला केवढा धक्का बसला ते त्याने १९७३ च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. पुस्तक मागे घेतलं नाही, आणि ती गोष्टही झाकली नाही.

आता सांगा, फ्रेगेचे मातीचे पाय कोणते? पाचवा नियम की दैनंदिनी? पहिला दोष सगळ्या भाराखाली होता, पण त्यात कोणताही अपराध नव्हता. दुसऱ्यावर त्याच्या तर्कशास्त्राचा तिळाएवढाही भार नाही, पण माणूस म्हणून तो लज्जास्पद आहे. दोघांना एकच नाव दिलंत तर तुम्ही एक तर प्रामाणिक चुकीला पाप कराल, नाही तर विखाराला चूक म्हणून सोडून द्याल.

आपल्या घरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे अवघड जाईल. न्यायमूर्ती रानडे. विधवाविवाहाच्या चळवळीचे ते खंदे समर्थक. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. त्यांनी विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा. वडिलांचा त्याला सक्त विरोध. आणि त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं ते ११ वर्षांच्या मुलीशी. टीकाकारांनी त्यांना सोडलं नाही. रानड्यांविषयी बोलताना 'मातीचे पाय' मी किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. बोलणाऱ्यांत दोन्ही पक्ष असतात, बरं का. एक म्हणतो, म्हणून सुधारक ढोंगी. दुसरा म्हणतो, म्हणून सांभाळून घ्या.

भाराची कसोटी लावून बघा. रानड्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनावर या लग्नाचा भार आहे का? नाही. मराठ्यांच्या इतिहासावर त्यांनी जे लिहिलं त्यावर? नाही. विधवाविवाहाच्या चळवळीवर? आहे, आणि चांगलाच आहे. कारण ती चळवळ युक्तिवादाने जिंकायची नव्हतीच, कायदा तर १८५६ सालीच झाला होता. गरज होती ती कोणीतरी प्रतिष्ठिताने करून दाखवण्याची. तिथे रानडे मागे सरले. हे असं स्पष्ट म्हणता येतं. त्यासाठी ना पुतळा लागतो, ना माती.

आणि तरीही एक प्रश्न उरतो, जो हा शब्दप्रयोग कधीच विचारत नाही. यात दुसरं कोण होतं? ती ११ वर्षांची मुलगी होती. रमाबाई रानडे. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० सालचं. त्यात हे लग्न आहे, शिकणं आहे, घरातल्या बायकांचा जाच आहे, नवऱ्याविषयीची भक्ती आहे. त्याच बाई पुढे पुण्याच्या सेवासदनाचा आधार झाल्या. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटो न पटो, पण त्या घटनेत त्या होत्या. आणि जी विधवा त्या वर्षी रानड्यांची पत्नी झाली नाही, जिचं नावही आपल्याला सांगता येणार नाही, तीही एका अर्थी होती. 'रानड्यांचे पाय मातीचे' या वाक्यात दोघींना जागा नाही. तिथे फक्त रानडे आहेत, आणि रानड्यांचे भक्त आहेत.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी. इतकी वर्षं मी ती सभेत सांगितलेली नाही.

माझे एक प्राध्यापक होते. नाव, गाव, विद्यापीठ काहीच सांगणार नाही. ते कांट शिकवायचे, आणि मी नंतर कुठेही त्या तोडीचं शिकवणं ऐकलं नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे सूत्र ते फळ्यावर लिहायचे आणि तासभर त्याच्याभोवती फिरत राहायचे. त्यांचं एक पुस्तक आलं. माझ्यामागून दोन वर्षांनी आलेली एक विद्यार्थिनी त्यांच्याकडेच प्रबंध करत होती. तिने ग्रंथालयात मला गाठलं, पुस्तक उघडलं, शेजारी आपल्या प्रबंधाची टंकलिखित पानं ठेवली. एक प्रकरण जवळपास जसंच्या तसं होतं. उदाहरणंसुद्धा तिची. ऋणनिर्देशात तिचं नाव नव्हतं.

मी विभागातल्या एका ज्येष्ठांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "फीट ऑफ क्ले, दुसरं काय. शेवटी माणूस आहे." खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. आपण काहीतरी गंभीर बोललो आणि आता काही करायला नको, असं ते हायसं होतं. मी तसाच परत गेलो आणि तिला म्हणालो, "शेवटी सरही माणूसच."

ती म्हणाली, "सर माणूस आहेत हे मला माहीत आहे हो. प्रकरण कोणाचं आहे, तेवढं सांगा."

मी ते सांगितलं नाही. तिलाही नाही, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथेही नाही. तिने प्रबंध पुरा केला नाही. पुढे एका गावात महाविद्यालयात शिकवलं, चांगलं शिकवलं असं ऐकतो. सरांवर मी गौरवलेख लिहिला. त्यातही एक वाक्य घातलं होतं, मोठ्या माणसांचे पाय मातीचे असतात, अशा अर्थाचं. तेव्हा मला ते धीटपणाचं वाटलं होतं!

आता विचार करतो तर दिसतं की तिथे विचारायला हवे होते ते तीन साधे प्रश्न. नेमकं काय झालं? त्यावर काय काय टेकलं आहे? आणि त्याची किंमत कोणी मोजली? पहिल्याचं उत्तर : एक प्रकरण उचललं गेलं, नाव दिलं गेलं नाही. दुसऱ्याचं : कांटवरचं त्यांचं विवेचन त्याने खोटं पडत नाही, मला त्यांनी जे शिकवलं ते आजही खरं आहे, पण त्या पुस्तकावरचं त्यांचं एकट्याचं नाव खोटं आहे. तिसऱ्याचं उत्तर एका माणसाचं नाव आहे. तीन वाक्यांत संपलं असतं. त्यासाठी सरांना देव करावं लागलं नसतं, आणि पाडावंही लागलं नसतं.

माझ्यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. हा शब्दप्रयोग विभूतिपूजेवरचा उतारा नाही का? ज्या देशात पुतळ्यांना तोटा नाही तिथे त्यांच्या पायांकडे बोट दाखवणारा एक तरी शब्द असू द्या की! या आक्षेपाला मी एका पुणेरी सभेची आठवण करून देतो. १८ जानेवारी १९४३. रानड्यांची १०१वी जयंती, गोखले स्मारक सभागृह, आणि व्याख्याते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विभूतिपूजेवर इतका कठोर प्रहार मराठी मुलखात फार थोड्या सभांत झाला असेल. पण त्यांची पद्धत बघा. आधी ते विचारतात की थोर माणूस म्हणायचं कोणाला, कोणत्या कसोटीवर. कसोटी ठरवतात, मग रानड्यांना तिच्यावर घासतात, आणि मग समकालीन पुढाऱ्यांना. कसोटी सगळ्यांसमोर ठेवलेली असते, तुम्हाला पटली नाही तर तुम्ही तिच्याशी भांडू शकता. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, त्याच्यामागे ही सवय होती. 'पाय मातीचे' म्हणणारा माणूस भक्तच असतो, फक्त रुसलेला. त्याला पुतळा हवाच असतो, तक्रार एवढीच असते की पाय नीट बसवले नाहीत.

मी काही तुम्हाला हा शब्दप्रयोग बंद करा असं सांगायला आलो नाही. भाषा कोणाच्या व्याख्यानाने थांबत नाही. एखाद्या राज्यव्यवस्थेबद्दल, एखाद्या सिद्धान्ताबद्दल, एखाद्या संस्थेबद्दल तो जरूर वापरा, जिथे भाराखालीच खापर आहे असं तुम्ही दाखवू शकाल. माणसाबद्दल बोलताना मात्र तो जिभेवर आला की थोडं थांबा. चूक असेल तर चूक म्हणा. उणीव असेल तर उणीव म्हणा. चोरी असेल तर चोरी म्हणा. मराठीत शब्द आहेत, आणि ते उसने नाहीत.

ती विद्यार्थिनी आता सत्तरीला आली असेल. हे व्याख्यान लिहून, ध्वनिमुद्रित होऊन सगळीकडे जातं असं संयोजक सांगतात. तिच्यापर्यंत पोचलं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. प्रकरण तुमचं होतं.

थांबतो. कोणाचे प्रश्न असतील तर घेऊ. पहिल्या रांगेतून सुरुवात करू.